हातचा नसलेला भागाकार : बगदाद, सह्याद्री आणि बहुपदीचे अवयव

१/
इ.स. ११५० च्या आसपास, हजारो कोसांच्या अंतरावर, बीजगणिताचे दोन ग्रंथ पूर्ण होत होते. एक बगदादमध्ये, अरबी गद्यात. दुसरा सह्याद्रीच्या परिसरात, संस्कृत पद्यात. पहिल्याचा कर्ता होता एकोणीस वर्षांचा अस्-समवअल, दुसऱ्याचा छत्तीस वर्षांचा भास्कराचार्य. एकाच्या ग्रंथात दुसऱ्याचे नाव नाही. तरीही नववीच्या पाठ्यपुस्तकात ‘बहुपदी’ या प्रकरणात जे भागाकार आणि अवयव शिकविले जातात, त्यांच्या इतिहासात या दोघांना शेजारी बसवावे लागते. या धाग्यात त्याच इतिहासाचा मागोवा.

२/
प्रथम विषय नीट मांडून घेऊ. एखादी अज्ञात राशी, तिचा वर्ग, तिचा घन आणि सुट्या संख्या यांची बेरीज-वजाबाकी म्हणजे बहुपदी. दोन बहुपदींचा गुणाकार करणे सोपे. उलट्या दिशेने जाणे, म्हणजे तयार गुणाकार पाहून तो कोणत्या अवयवांपासून बनला हे ओळखणे, अवघड. भागाकार हे या उलट्या वाटेवरचे मुख्य साधन. आज ही वाट एका तासिकेत शिकविली जाते. ती तयार व्हायला साधारण एक हजार वर्षे लागली, आणि ती कोणा एका देशात तयार झाली नाही.

३/
उशीर का झाला? कारण या वाटेसाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. ऋण संख्यांचे नियम. सहगुणकांना जागा नेमून देणारी मांडणी. भागाकाराची पायरीपायरीची रीत. आणि समीकरणाची सगळी पदे एका बाजूला नेऊन दुसऱ्या बाजूला केवळ शून्य ठेवण्याची कल्पना. बाराव्या शतकातल्या जगात यांपैकी पहिल्या तीन गोष्टी होत्या, पण त्या वेगवेगळ्या प्रदेशांत विखुरलेल्या होत्या. चौथीला अजून अवकाश होता.

४/
नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी याने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातील ‘अल-जब्र’ या शब्दावरून युरोपीय भाषांना ‘अल्जेब्रा’ मिळाला. त्यात वर्गसमीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार आहेत. ‘वर्ग आणि मूळ मिळून संख्या’ हा एक, ‘वर्ग आणि संख्या मिळून मूळ’ हा दुसरा, असे. सहा प्रकार कशासाठी? ऋण सहगुणक चालत नसत, म्हणून प्रत्येक पद ज्या बाजूला धन राहील त्या बाजूला ठेवावे लागे. चिन्हे नव्हतीच, सारे गणित शब्दांत होते. या चौकटीत बहुपदीला स्वतंत्र अस्तित्व नाही. असते ते फक्त समीकरण.

५/
बहुपदीला स्वतःचे अस्तित्व दिले ते अल-कराजी याने. अकराव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्येच त्याने वजीर फख्र-उल-मुल्क याच्या नावे ‘अल-फख्री’ हा ग्रंथ रचला. अज्ञात राशी ती ‘शय’, म्हणजे वस्तू. तिचा वर्ग तो ‘माल’, घन तो ‘कअब’. चौथा घात ‘माल-माल’, पाचवा ‘माल-कअब’, सहावा ‘कअब-कअब’. ही साखळी कितीही वाढविता येते, आणि उलट्या बाजूने एक भागिले शय, एक भागिले माल अशीही नेता येते, हे त्याने स्पष्ट केले. घातांची ही दुहेरी शिडी हा मोठा टप्पा होता.

६/
पण शिडीवर चढउतार करताना अल-कराजी एका ठिकाणी थांबला. एका पदाने भागणे त्याला जमत होते. अनेक पदांच्या बहुपदीने बहुपदीला भागण्याची सर्वसाधारण रीत त्याने दिली नाही. बहुपदीचे वर्गमूळ काढण्याची त्याची रीतही सहगुणक धन असतील तेवढ्यापुरतीच होती. दोन्हीकडे अडचण एकच. मध्येच एखादी राशी ऋण झाली किंवा एखाद्या घाताची जागा रिकामी पडली, तर पुढे काय करायचे? रिकाम्या जागेतून वजा कसे करायचे?

७/
हे उत्तर देणारा अस्-समवअल साधारण ११३० साली बगदादमध्ये जन्मला. वडील मोरोक्कोतील फेझ नगरातून आलेले ज्यू विद्वान. वैद्यक आणि गणित या दोन्हींची ओढ मुलाला लवकर लागली. भारतीय अंकांनी हिशेब करण्याची पद्धत तो किशोरवयातच शिकला. पण त्या काळच्या बगदादमध्ये युक्लिडच्या आरंभीच्या पुस्तकांपलीकडे शिकवू शकेल असा गुरू त्याला मिळाला नाही. उरलेला युक्लिड, अबू कामिल आणि अल-कराजी त्याने एकट्याने वाचले. हे त्याने स्वतःच आपल्या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे.

८/
ज्या नगरात तीनशे वर्षांपूर्वी बीजगणिताचा पाया घातला गेला, त्याच नगरात एका बुद्धिमान मुलाला गणिताचा गुरू मिळू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. ज्ञान ग्रंथात असते, पण ते चालू राहते शिकविणाऱ्यामुळे. ग्रंथ शिल्लक आणि शिक्षक नाही, अशा अवस्थेत परंपरा एखाद्याच वाचकाच्या आधाराने तग धरते. अस्-समवअल हा तसा वाचक होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने ‘अल-बाहिर फिल-जब्र’ लिहिला. ‘अल-बाहिर’ म्हणजे दैदीप्यमान.

९/
या ग्रंथात त्याने शब्दांची शिडी उचलून तिचा तक्ता केला. वरच्या ओळीत घातांचे क्रमांक. मध्यभागी शून्य, एका बाजूस एक, दोन, तीन असे चढते घात, दुसऱ्या बाजूस भागिले एक, भागिले दोन असे उतरते. प्रत्येक घाताला एक स्तंभ. आता ‘माल-कअब’ लिहिण्याची गरज उरली नाही. त्या स्तंभात सहगुणक लिहिला की झाले. ज्या घाताचे पद नाही, तिथे शून्य. भारतीय अंकपद्धतीत एकक, दशक, शतक यांना जशी स्थाने, तशी आता अज्ञात राशीच्या घातांना स्थाने मिळाली.

१०/
मग चिन्हांचे नियम. रिकाम्या घातातून धन संख्या वजा केली तर तेवढीच ऋण संख्या उरते. ऋण संख्या वजा केली तर तेवढीच धन संख्या उरते. आज हे वाक्य क्षुल्लक वाटते. पण अल-कराजी ज्या ठिकाणी थांबला होता, तिथे नेमके हेच वाक्य हवे होते. हेही ध्यानात ठेवावे की भारतात ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम दिले होते. तिथे ते पाच शतके जुने झाले होते. अरबी बीजगणितात बहुपदींच्या कामी ते आता रुजत होते.

११/
अस्-समवअलचे एक उदाहरण पाहू. भाज्याचे सहगुणक सहाव्या घातापासून क्रमाने असे : २०, २, ५८, ७५, १२५, ९६, ९४, १४०, ५०, ९०, २०. शेवटची चार पदे ‘भागिले’ बाजूची. भाजक तिसऱ्या घातापासून : २, ०, ५, ५, १०. येथील शून्य म्हणजे वर्गाचे पद नाही. आता २० ला २ ने भागा, १०. भाजकाची दसपट २०, ०, ५०, ५०, १०० ही वरच्या ओळीतून वजा करा. उरते ०, २, ८, २५, २५. पुढचा ९६ खाली घ्या. २ ला २ ने भागा, १. भाजक पुन्हा वजा. असेच पुढे.

१२/
शेवटी भागाकार येतो : १०, १, ४, १०, ०, ८, २. बाकी शून्य. ज्याला शाळेत मोठा भागाकार येतो, तो हे उदाहरण कागदावर स्वतः करून पाहू शकतो. एकच फरक जाणवेल. संख्यांच्या भागाकारात दशकातून उसने घ्यावे लागते, गुणाकार करताना हातचा धरावा लागतो. येथे दहा एकक मिळून एक दशक होत नाही. कितीही वस्तू गोळा झाल्या तरी त्यांचा माल होत नाही. म्हणून येथे हातचा नाही. त्या अर्थाने बहुपदींचा भागाकार संख्यांच्या भागाकाराहून सोपा आहे. अवघड होती ती हे ओळखणारी नजर.

१३/
दुसरे उदाहरण अधिक धाडसी. २० वर्ग आणि ३० मुळे यांना ६ वर्ग आणि १२ यांनी भागायचे. हा भागाकार संपतच नाही. सहगुणक येतात : ३ १/३, ५, ऋण ६ २/३, ऋण १०, १३ १/३, २०... अस्-समवअलच्या ध्यानात आले की प्रत्येक सहगुणक दोन घरे आधीच्या सहगुणकाच्या ऋण दुप्पट आहे. नियम सापडल्यावर भागाकार करण्याची गरजच उरली नाही. त्याने अठ्ठाविसाव्या उतरत्या घातापर्यंतची पदे लिहून टाकली. त्या घराचा सहगुणक ५४,६१३ १/३. न संपणाऱ्या गोष्टीला नियमाने बांधता येते, याचा आनंद त्या आकड्यात आहे.

१४/
आता सह्याद्रीकडे. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘बीजगणित’ हा त्याचाच एक भाग. येथे अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’ म्हणतात. लिहिताना नुसते ‘या’. अज्ञात राशी एकाहून अधिक असतील तर कालक, नीलक, पीतक असे रंग. सुटी संख्या ‘रूप’, लिहिताना ‘रू’. ऋण संख्येवर टिंब. रिकाम्या पदाच्या जागी शून्य लिहून दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडायचे. चिन्हांच्या बाबतीत ही मांडणी त्या काळच्या अरबी गद्याच्या पुष्कळ पुढे होती. अव्यक्त राशींचा गुणाकार आणि भागाकार यांचेही नियम ग्रंथात आहेत.

१५/
भास्कराचार्यांचे एक उदाहरण : राशीचा घन आणि राशीची बारापट मिळून, राशीच्या वर्गाची सहापट अधिक ३५ यांएवढे होतात. राशी कोणती? घनसमीकरणाची सर्वसाधारण रीत तेव्हा कोणाजवळच नव्हती. भास्कराचार्य दोन्ही पक्षांतून सहा वर्ग वजा करतात आणि ८ ही वजा करतात. डाव्या बाजूला जे उरते तो ‘राशी उणे दोन’ याचा पूर्ण घन. उजव्या बाजूला २७. घनमूळ घेतले की राशी उणे दोन बरोबर तीन. राशी पाच. पडताळा : १२५ अधिक ६० म्हणजे १८५, १५० अधिक ३५ म्हणजेही १८५.

१६/
दुसरे उदाहरण चौथ्या घाताचे. राशीचा चतुर्घात, त्यातून राशीच्या वर्गाची दुप्पट आणि राशीची ४०० पट वजा, उरते ९९९९. येथे दोन्ही पक्षांत चार वर्ग, चारशे राशी आणि एक मिळविले, की डावा पक्ष होतो ‘वर्ग अधिक एक’ याचा वर्ग आणि उजवा होतो ‘दोन राशी अधिक शंभर’ याचा वर्ग. वर्गमूळ घेतले की साधे वर्गसमीकरण राहते. राशी अकरा. काय मिळवावे हे सांगणारा नियम नाही. अशा ठिकाणी गणकाची बुद्धीच कामी येते, असा भास्कराचार्यांचा अभिप्राय आहे.

१७/
आजच्या नजरेने पाहिले तर या युक्तीत अवयव दडलेले आहेत. सगळी पदे एका बाजूला आणली की ती दोन वर्गांची वजाबाकी होते, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव सहज पडतात. एक अवयव : वर्ग उणे दोन राशी उणे ९९. दुसरा : वर्ग अधिक दोन राशी अधिक १०१. पहिल्याचे आणखी दोन तुकडे : राशी उणे ११, राशी अधिक ९. म्हणजे उत्तर अकरा, आणि एक ऋण उत्तर, उणे नऊ. भास्कराचार्य अवयवांच्या दारापर्यंत आले होते. दार उघडण्याची त्यांना गरज वाटली नाही.

१८/
का वाटली नाही? याचे उत्तर त्यांच्याच एका प्रसिद्ध उदाहरणात आहे. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग, त्यातून तीन वजा, त्याचा वर्ग गुहेत गेला. एक वानर झाडावर उरला. कळप किती? दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा होत नाहीत. ऋण वानरांवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून ते उत्तर भास्कराचार्य बाजूला ठेवतात. दोन उत्तरे येतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण राशी म्हणजे कशाची तरी मोजणी, आणि समीकरण म्हणजे दोन पक्षांचा तोल, ही भूमिका कायम होती. एका पक्षात शून्य ठेवून दुसऱ्याचे तुकडे पाडण्याचा प्रश्न त्या भूमिकेतून उद्भवत नाही.

१९/
याच काळात चीनमध्ये तिसरी वाट तयार होत होती. अकराव्या शतकात जिया शियान याने मूळ काढण्यासाठी ‘गुणा आणि मिळवा’ अशी रीत बसविली. छिन जिउशाओ याने १२४७ च्या ग्रंथात ती उच्च घातांच्या समीकरणांना लावली. मोजणीच्या काड्या पटावर एकाखाली एक मांडायच्या, खालच्या सहगुणकाला अंदाजाच्या अंकाने गुणायचे, वरच्यात मिळवायचे. धन काड्या एका रंगाच्या, ऋण दुसऱ्या. त्याच्या एका चतुर्घात समीकरणाचे उत्तर ८४० येते, आणि ते या पटावर शतक, दशक असे अंकाअंकाने काढलेले आहे.

२०/
ही रीत भास्कराचार्यांच्या घनसमीकरणाला लावून पाहू. सगळी पदे एका बाजूला घेतल्यावर सहगुणक : १, ऋण ६, १२, ऋण ३५. अंदाज ५. एक खाली उतरवा. पाच एके पाच, ऋण ६ मध्ये मिळवा, ऋण १. पाचपट ऋण ५, १२ मध्ये मिळवा; ७. पाचपट ३५, ऋण ३५ मध्ये मिळवा, शून्य. बाकी शून्य, म्हणून ‘राशी उणे पाच’ हा अवयव. उरलेला अवयव १, ऋण १, ७. म्हणजे वर्ग उणे राशी अधिक सात. या दुसऱ्या अवयवातून वास्तव उत्तर निघत नाही. ऋण संख्येला वर्गमूळ नाही असे मानणाऱ्या भास्कराचार्यांच्या हातून येथे काहीही निसटलेले नव्हते.

२१/
युरोपात १५८५ साली सायमन स्टेविनने आपल्या अंकगणिताच्या ग्रंथात बहुपदींचा भागाकार आणि दोन बहुपदींचा महत्तम सामाईक विभाजक काढण्याची रीत दिली. रीत युक्लिडचीच, संख्यांच्या जागी बहुपदी. नंतर इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने समीकरणे अवयवांच्या गुणाकारातून घडवून दाखविली. त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर, १६३१ साली निघाला. आणि १६३७ मध्ये देकार्तच्या ‘ला जिओमेत्री’ मध्ये चौथी गोष्ट स्पष्टपणे अवतरली : सगळे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला शून्य.

२२/
देकार्तने चार अवयव घेतले : क्ष उणे २, क्ष उणे ३, क्ष उणे ४ आणि क्ष अधिक ५. गुणाकाराचे सहगुणक : १, ऋण ४, ऋण १९, १०६, ऋण १२०. मग त्याने सांगितले की एखादी संख्या समीकरणाचे मूळ असेल, तर ‘क्ष उणे ती संख्या’ याने बहुपदीला पूर्ण भाग जातो. भाग जात नसेल तर ती संख्या मूळ नव्हे. पाठ्यपुस्तकातला ‘अवयव सिद्धांत’ तो हाच. गंमत अशी की ऋण मुळांना देकार्तही ‘खोटी’ मुळे म्हणत होता. त्या मुळांवरचा अविश्वास केवळ सह्याद्रीतला नव्हता.

२३/
सिद्धांत मिळाला म्हणून अवयव सापडतातच असे नाही. १७०२ साली खुद्द लायब्निझने असे प्रतिपादन केले की दोन चतुर्घातांच्या बेरजेचे, म्हणजे क्षचा चतुर्घात अधिक एका स्थिर राशीचा चतुर्घात याचे, वास्तव सहगुणकांचे द्विघाती अवयव पडत नाहीत. हे चूक होते. बेरजेत दोन वर्गांच्या गुणाकाराची दुप्पट मिळवा आणि तीच वजा करा. दोन वर्गांची वजाबाकी तयार होते आणि अवयव पडतात. ही युक्ती सोळाव्या टप्प्यातील भास्कराचार्यांच्या युक्तीची सख्खी बहीण आहे. प्रत्येक वास्तव बहुपदीचे एकघाती आणि द्विघाती अवयव पडतात, हे १७९९ साली गाउसच्या प्रबंधाचे प्रतिपाद्य ठरले.

२४/
आता नावांचा प्रश्न. सहगुणकांची ‘गुणा आणि मिळवा’ ही रीत युरोपात १८०४ साली इटलीचा वैद्य आणि गणिती पाओलो रुफिनी याने दिली. १८१९ साली इंग्लंडमधील बाथ येथील शाळामास्तर विल्यम हॉर्नर याने पुन्हा दिली. ऑगस्टस डी मॉर्गनच्या पुरस्कारामुळे ती ‘हॉर्नरची रीत’ म्हणून जगभर गेली, इटलीत मात्र रुफिनीचे नाव राहिले. जिया शियान आणि छिन जिउशाओ यांची नावे पाठ्यपुस्तकांत आली नाहीत. मराठी पाठ्यपुस्तकाने ‘संश्लेषक भागाकार’ हे नाव घेतले, ज्यात कोणाचेच नाव नाही. आणि या प्रकरणापुरते तेच सर्वांत न्याय्य आहे.

२५/
येथे सावध राहायला हवे. कोलब्रुकने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये १८१७ साली प्रसिद्ध केले, हॉर्नरचा निबंध १८१९ चा. दोन वर्षांचे अंतर पाहून ‘हे तिकडून उचलले’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण ‘बीजगणिता’त हॉर्नरची रीत नाही. कालक्रम म्हणजे पुरावा नव्हे. ‘सगळे आमच्याकडे आधीच होते’ आणि ‘सगळे युरोपातून आले’ ही दोन्ही वाक्ये ग्रंथ उघडून न पाहता म्हणता येतात, म्हणून ती इतकी पसरतात. ग्रंथ उघडला की कोणाजवळ काय होते आणि काय नव्हते, याची यादी करावी लागते. अशी यादी भास्कराचार्यांचे मोल कमी करत नाही; त्यांचे नेमके मोल काय, ते दाखविते.

२६/
दोन ग्रंथांचे पुढे काय झाले? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने पाटण येथे मठ काढला. तिथे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकविले जावेत, अशी व्यवस्था झाली. चाळीसगावजवळील पाटणचा १२०७ सालचा शिलालेख याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण मठासाठी कोणी काय द्यायचे, तो व्यवहाराचा तपशील जुन्या मराठीत आहे. बीजगणिताच्या शिकवणीचा खर्च मराठीत नोंदविला गेला होता.

२७/
त्या शिकवणीची फळे दिसतात. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर कृष्ण दैवज्ञ याने ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ती दिल्या. त्याचे घराणे मूळचे विदर्भातले, पुढे काशीस गेलेले. शहाजहानच्या कारकिर्दीत अताउल्लाह रुश्दी याने ‘बीजगणित’ फारसीत नेले. त्या फारसीवरून स्ट्रेचीने १८१३ साली इंग्रजी केले, आणि चार वर्षांनी कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून. ग्रंथ एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला.

२८/
अस्-समवअलच्या वाट्याला मठ आला नाही. तो वैद्य म्हणून इराक, सीरिया, इराण अशा प्रदेशांत फिरत राहिला. ११६३ साली मराघा येथे त्याने इस्लाम स्वीकारला; वडिलांना दुःख होईल म्हणून हा निर्णय त्याने दीर्घकाळ लांबणीवर टाकला होता. साधारण ११८० मध्ये मराघा येथेच तो वारला. ‘अल-बाहिर’ हस्तलिखितांत राहिला. सलाह अहमद आणि रोशदी राशेद यांनी त्याची संपादित आवृत्ती दमास्कसमधून प्रसिद्ध केली ती १९७२ साली, म्हणजे लिहिला गेल्यानंतर आठशेहून अधिक वर्षांनी. तोवर युरोपीय इतिहासग्रंथांत बहुपदींच्या भागाकाराची कथा पुष्कळदा सोळाव्या शतकापासूनच सुरू होत असे.

२९/
आणि तरीही तो भागाकार आज क्षणोक्षणी चालू आहे. वाय-फायवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी ३२ अंकांची एक बाकी जोडलेली असते. माहितीतील शून्ये आणि एके हे बहुपदीचे सहगुणक मानायचे, एका ठरलेल्या बहुपदीने भागायचे, आणि बाकी सोबत पाठवायची. घेणारे यंत्र तोच भागाकार पुन्हा करते. बाकी जुळली नाही तर वाटेत माहिती बिघडली असे समजते. या भागाकारात हातचा नसतो. म्हणूनच यंत्राला तो इतक्या वेगाने करता येतो.

३०/
‘रिकाम्या घातातून वजा केले तर काय उरते’ हा प्रश्न बगदादमधल्या एका गुरूविना शिकणाऱ्या मुलाने सोडविला. ‘दोन्ही पक्षांत काय मिळविले म्हणजे मूळ निघेल’ हा प्रश्न सह्याद्रीतल्या गणकाने बुद्धीवर सोपविला, आणि त्याच्या नातवाने ती बुद्धी घडविण्यासाठी मठ काढला. काड्यांचा पट चीनचा, पलीकडचे शून्य देकार्तचे. फळ्यावर अवयव पाडताना हे चौघेही एकाच ओळीत उभे असतात. पाटणचा मठ आज नाही, शिलालेख आहे. चाळीसगावहून वाट फार लांब नाही.